राखाडी नॅपकिन

त्यांच्या खांद्यावर दोन नॅपकिन असत. डाव्या खांद्यावर पांढरा, घाम पुसायला. उजव्या खांद्यावर राखाडी. त्याने काहीही पुसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी बाहेर हिंडणाऱ्या माणसाकडे दोन नॅपकिन असणं काही विशेष नाही. पण पांढरा पिळून घ्यावा इतका भिजला तरी ते राखाडीला हात लावत नसत. त्याची चर्चा होई.

ते आमच्या दैनिकाच्या सोलापूर कार्यालयातले फोटोग्राफर. मी बातमीदार म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. ते कुणालाही नावाने हाक मारत नसत, कामावरून मारत. संपादकांना ‘संपादक’, चहा आणणाऱ्याला ‘चहा’, मला ‘बातमीदार’. त्यांच्या पत्नीला मी एकदा विचारलं, तुम्हाला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, “‘अगं’ म्हणत्यात. मला काय एक काम हाय का, त्याच्यावरनं हाक मारायला?”

मी आले त्याच महिन्यात वरून आदेश आला की यापुढे बातमीदारांनी आपल्या बातमीचे फोटो आपणच काढावेत. सगळ्यांत मिळून एक डिजिटल कॅमेरा आला. तो चालवायला शिकवण्याचं काम काकांना दिलं गेलं. म्हणजे ज्यांच्यामुळे त्यांची जागा भरायची गरज उरणार नव्हती, त्यांनाच त्यांनी तयार करायचं होतं. यावर ते एकदाच बोलले. “आचाऱ्यालाच म्हणायचं, पंगतीला सैपाक शिकीव.” मग त्यांनी खुर्ची ओढली आणि शिकवायला सुरुवात केली.

माझी पहिली परीक्षा सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत झाली. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यांतली हजारो माणसं, डोक्यावर ऊन, समोर मी. मी साठेक फोटो काढले. ऑफिसात येऊन पडद्यावर पाहिले तर सगळ्यांचे कपडे पंधरा दिवस न धुतल्यासारखे आले होते आणि चेहरे त्याहून काळपट. काकांनी एकेक फोटो शांतपणे पाहिला.

“बातमीदार, ह्यांचे कपडे कुटल्या पाण्यात धुतलेस?”

“कपडे पांढरेच होते.”

“ते मला ठावं हाय. कॅमेऱ्याला सांगितलंस का?”

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. कॅमेरा आंधळा नाही, अडाणी आहे. त्याने जन्मात एकच रंग पाहिला आहे, मध्यम राखाडी. समोर काहीही आलं तरी ते राखाडीच आहे असं धरून तो उजेड ठरवतो. “चुन्याची भिंत दाखीव. म्हणतो, ही राखाडीच हाय, उजेड जास्त झालाय, कमी करा. म्हैस दाखीव. म्हणतो, ही पण राखाडीच, उजेड कमी पडलाय, वाढवा. मग भिंत मळती आणि म्हैस उजळती. चूक भिंतीची न्हाय, म्हशीची न्हाय. इचारणाऱ्याची हाय.”

उजव्या खांद्यावरच्या नॅपकिनचं काम तेव्हा कळलं. तो बरोबर त्या राखाडी रंगाचा होता. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात नॅपकिन धरायचा, कॅमेऱ्याने त्याच्याकडे बघून माप घ्यायचं, ते पक्कं करायचं, नॅपकिन काढायचा आणि फोटो घ्यायचा. जगात एवढी एकच वस्तू आहे जिच्याबद्दल कॅमेऱ्याचा अंदाज चुकत नाही, असं ते म्हणत. दुकानात यासाठी पुठ्ठ्याचं तयार कार्ड मिळतं. काकांकडेही ते होतं. पण पुठ्ठा उन्हात वाकतो, घामाने फुगतो. शिवाय नॅपकिनांच्या गावात राहून पुठ्ठा कशाला वापरायचा, असा त्यांचा सवाल होता.

नॅपकिन मिळवणं सोपं नव्हतं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराला त्यांनी गाठलं. त्याच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि वसुलीला दखनी अशा तीन भाषा चालत. त्याने तिन्हींत नकार दिला. राखाडी नॅपकिन कुणी घेत नाही, गिऱ्हाइकाला फुलं लागतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी एका नॅपकिनपुरतं सूत रंगवून घ्यायचं ठरलं. पहिला नॅपकिन विणून आला, काकांनी कार्डाशेजारी धरून मोजला आणि परत केला. अर्धा स्टॉप गडद. दुसरा एक स्टॉप फिका. तिसरा जवळजवळ बरोबर, पण निळसर. चौथा जमला. तोवर विणकरालाही नाद लागला होता. तो म्हणाला, “काका, पाचवा करू? ह्याच्यापेक्षा राखाडी करून दावतो.”

नापास झालेले तीन नॅपकिन घरी गेले. काकूंनी ते स्वयंपाकघरात कामाला लावले आणि नावं नवऱ्याच्याच भाषेत ठेवली. गरम पातेलं उतरवायला ‘मायनस अर्धा’, ओटा पुसायला ‘प्लस एक’, ‘निळा’ हात पुसायला. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला बसले होते तेव्हा आतून मुलीने विचारलं, “आई, प्लस एक कुटं हाय?” काकू म्हणाल्या, “मायनस अर्ध्याखाली बघ.” त्या घरात यावर कुणी हसत नसे.

स्टॉप म्हणजे उजेडाचं त्यांचं माप. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, एक उतरला की निम्मा. कॅमेऱ्यावर एक चकती असते. ती एक टिक फिरवली की एक तृतीयांश स्टॉप सरकतो. त्याहून बारीक माप कॅमेऱ्यात नाही. काका सगळं जग याच मापात मोजत. सकाळचा चहा ‘मायनस एक’ म्हणजे पाणचट. संपादकांचा राग ‘प्लस दोन’. माझ्या बातम्यांनाही शेरे मिळत. एका रस्त्याच्या कामाच्या बातमीला मी ‘नागरिकांचा संताप अनावर’ असं शीर्षक दिलं होतं. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

“किती नागरिक हुते?”

“सात-आठ.”

“त्यातले संतापलेले?”

“दोघं. तिसरा जरा.”

“मंग हेडिंग प्लस दीड हाय. उतरीव.”

मी उतरवलं. ‘नागरिकांची नाराजी’ छापून आलं. त्यावर ते म्हणाले, “आता एक टिक जास्त हाय. चालंल.”

सगळ्यात वरचा शेरा म्हणजे ‘झिरो’. कमी नाही, जास्त नाही, जे आहे ते. तो त्यांनी कुणाला दिल्याचं ऑफिसात कुणाच्या आठवणीत नव्हतं. स्वतःच्या फोटोलाही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “झिरो असतो. पण हातात येत न्हाय. एखादी टिक कुटंतरी ऱ्हातीच.”

उजेड मोजण्याच्या तीन पद्धती त्या कॅमेऱ्यात होत्या. पुस्तिकेत त्यांची इंग्रजी नावं होती. काकांनी ती आम्हाला पाठ करू दिली नाहीत. पहिली पद्धत सगळी चौकट पाहते, तिचे तुकडे पाडते, प्रत्येकाला विचारते आणि सगळ्यांचं मिळून एक मत बनवते. ही ‘ग्रामसभा’. दुसरी सगळ्यांचं ऐकते, पण मध्ये बसलेल्याच्या शब्दाला जास्त वजन देते. हा ‘सरपंच’. तिसरी बरोबर मधल्या एका ठिपक्यालाच विचारते, बाकीच्यांकडे ढुंकून पाहत नाही. ही ‘एकट्याची साक्ष’.

“ग्रामसभा बरी. भांडण नसलं तर निकाल बरोबर लागतो. पण खिडकीत माणूस बसलाय, मागं ऊन हाय, तर सगळी सभा उन्हाच्या बाजूनं बोलती. माणूस काळा पडतो. तितं साक्ष घ्यायची. त्या एकट्या माणसाची. आणि साक्ष घेतली की काय करायचं, बातमीदार?”

“छापायची.”

“तपासायची. त्यो पण कॅमेऱ्याला राखाडीच वाटणार हाय. गोरा असला तर मळवतो, सावळा असला तर उजळवतो. एकट्यानं सांगितलं म्हणून तसंच छापलं तर तू कसली बातमीदार?”

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा मुद्दा मला वर्षभर शिकवला होता. काकांना त्याला दोन मिनिटं लागली.

काम झाल्यावर कॅमेरा पुन्हा ‘ग्रामसभे’वर आणून ठेवायचा, हा ऑफिसचा नियमही त्यांनीच घातला. कॅमेरा सामाईक होता. एकाने साक्षीवर ठेवला आणि दुसऱ्याने न बघता उचलला तर दुसऱ्याचा दिवस वाया जाई. क्रीडा बातमीदाराचा एकदा गेला होता. त्याच्या कबड्डीच्या फोटोंत पंचाचा पांढरा शर्ट बरोबर राखाडी आला होता, दोन्ही संघ अंधारात.

काकांच्या स्वभावात नम्रता होती, पण ती मोजमापाच्या बाहेरच्या गोष्टींपुरती. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याचा फोटो पहिल्या पानावर छापून आला. पुढारी सावळे, कपडे पांढरे, गाडी पांढरी. काकांनी साक्ष घेऊन, तपासून, चोख फोटो काढला होता. सकाळी नऊ वाजता पुढाऱ्यांच्या माणसाचा फोन आला. फोन काकांनीच उचलला.

“साहेब फोटोत लई काळे दिसायलेत.”

“साहेबांना समोर बसवा आणि पेपर शेजारी धरा.”

पलीकडे कागद सळसळला. बहुधा खरोखर धरला असावा.

“तसं बघितलं तर बरोबर हाय म्हणा. पण जरा उजळ करता आलं नसतं का?”

“आलं असतं. पण मंग लोकांनी साहेबांना वळकलं नसतं. निवडणूक जवळ आलीय.”

पुढच्या दौऱ्यात पुढाऱ्यांनी काकांना स्वतःच्या गाडीत घेतलं, असं सांगतात. मी ते पाहिलेलं नाही.

राखाडी नॅपकिनवर एकच मोठं संकट आलेलं मी पाहिलं. सांगोल्याला डाळिंब बागायतदारांच्या मेळाव्यानंतर जेवण होतं. काकांनी दोन्ही नॅपकिन खुर्चीच्या पाठीवर टाकले होते. शेजारच्या एका पाहुण्याने भाकरी आणि शेंगाचटणी संपवली आणि हाताला लागला तो नॅपकिन घेऊन बोटं पुसली. राखाडी होता. काका उठले. नॅपकिन उचलला, बाहेर टँकर उभा होता तिथे गेले, टँकरवाल्याकडून तांब्याभर पाणी घेऊन धुतला, उन्हात धरला, पाहिला. पुन्हा धुतला. चार वेळा. परतीच्या प्रवासात ते एवढंच म्हणाले, “तेल लागलं की कापड चमकतं. आणि चमकलं की खोटं बोलतं.” दुसऱ्या दिवशी नॅपकिन काकूंच्या स्वयंपाकघरात रुजू झाला. त्याचं नाव ‘सांगोला’. विणकराने पाचवा विणून दिला. तोच पुढे टिकला.

हे सगळं वेड कुठून आलं, ते मला त्यांच्या घरी कळलं. बैठकीच्या खोलीत एकच फोटो होता, त्यांच्या लग्नाचा. जेऊर हे काकूंचं माहेर. तिथल्या शाळेच्या मैदानात, भर दुपारी, बौद्ध पद्धतीने लग्न लागलेलं. वधू पांढऱ्या साडीत, वर पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरा पडदा, वर ऊन. फोटोत दोन पांढरट आकृत्या होत्या आणि जिथे चेहरे असायला हवेत तिथे दोन काळे डाग. डोळे नाहीत, नाक नाही.

काकूंनी मला तो हातात दिला. “ह्यातली मी कुटली ते हारावरनं वळकायचं. माझ्या हारात मधी गुलाब हुता.”

“दुसरे फोटो?”

“बारा हुते. बाराच्या बारा असलेच. नणंद म्हणायची, वैनी, फोटो उलटा लावला तरी चालंल.”

त्या वेळी काका कापड गिरणीत कामाला होते. फोटो घेऊन ते फोटोग्राफरकडे गेले आणि चेहरे का आले नाहीत, असं विचारलं. तो म्हणाला, तुम्ही दोघं सावळे, त्याला मी काय करू. काका घरी आले. काही महिन्यांनी त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. त्या उत्तरात चूक कुठे आहे हे शोधून काढायला त्यांना दोन वर्षं लागली. पुढची तीस वर्षं त्यांनी ती दुरुस्त करण्यात घालवली. पण स्वतःच्या लग्नाचा फोटो दुरुस्त होण्यातला नव्हता. फिल्मवर जे उतरलंच नाही ते कुठून काढणार?

“दुसऱ्यांच्या लग्नात हजार तोंडं काढली ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “आता पोरीचं लगीन आलंय. त्यात पोरीचं तोंड दिसलं पायजे, माझं दिसलं पायजे, आणि ह्यांचं पण. हाय तसं. काळं करू नका, गोरं करू नका. मला एक फोटो पायजे. एकच.”

काका निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, होणारा नवरा माढ्याकडच्या एका शाळेत शिक्षक. मुलाकडच्यांनी स्टुडिओवाले ठरवले होते, सोबत व्हिडिओ आणि उडता कॅमेराही. स्टुडिओवाल्याने काकांना नमुन्याचा अल्बम दाखवला. त्यातल्या सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या होत्या. “चेहरे आपण उजळून देतो काका, त्याचे वेगळे पैसे नाहीत,” असं तो म्हणाला. काकांनी अल्बम बंद केला आणि मला फोन लावला.

“बातमीदार, बाकीचे हजार फोटो कुणी पण काढू दे. तिघांचा एक तू काढ.”

“काका, तुम्ही असताना मी?”

“मी फोटोत हाय. तिची अट हाय.”

“टायमर लावला तर?”

“टायमरला डोळे हायत का?”

लग्नाच्या दोन दिवस आधी ते हॉलवर जाऊन आले. ठरलेल्या वेळी तिथे उजेड कसा पडतो ते मोजून आले. हॉलच्या बाजूला पडवी होती, शेजारच्या इमारतीच्या सावलीमुळे तिथे थेट ऊन येत नव्हतं. मला चिठ्ठी मिळाली: ‘पडवी. सव्वादहा ते पावणेअकरा. नंतर ऊन आत शिरतं.’ लग्न साडेअकराला होतं. पावणेअकराला वराकडची मंडळी वधूला मंचावर नेणार होती. म्हणजे अर्धा तास हातात होता.

त्या दिवशी मी दहाला पडवीत हजर होते. तिघं आली. मुलगी पांढऱ्या साडीत, काठ सोनेरी. काकू पांढऱ्या साडीत, काठ निळा. आदल्या दिवशीच्या हळदीने त्यांची बोटं अजून पिवळी होती. काका पांढऱ्या सदऱ्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे दोन्ही खांदे मोकळे पाहिले. राखाडी नॅपकिन घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला होता.

मी तो वापरला नाही. कारण सांगण्यासारखं नाही, पण सांगते. पडवीत वराकडच्या सात-आठ बायका येऊन उभ्या होत्या. भरजरी साड्यांतल्या अनोळखी बायकांसमोर नवरीच्या तोंडापुढे राखाडी फडकं धरायचं मला जड गेलं. मला वाटलं, चार वर्षं शिकले आहे. मी साक्षीची पद्धत लावली, ठिपका नवरीच्या गालावर ठेवला, माप पक्कं केलं आणि फोटो काढला.

स्क्रीनवर फोटो आला. बायकांनी गर्दी केली.

“अगंबाई, किती गोरी आलीय.”

“सूनबाई, फोटोतच ऱ्हा आता.”

वराची आत्या म्हणाली, “ह्या बाईचा नंबर घ्या गं.”

मुलीने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. लॅबमध्ये नळी उजेडात धरून बघतात तसा धरून पाहिला. “ही कोण?” ती म्हणाली.

काकूंनी वाकून पाहिलं. साडीवरच्या सगळ्या चुण्या पुसून गेल्या होत्या. निळा काठ पाण्यासारखा झाला होता. काकूंच्या कपाळावर लहानपणी विळा लागल्याचा वण होता, तो फोटोत नव्हता.

“तवा काळं केलं, आता गोरं केलंस,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बारीला तोंड गेलंच की.”

काका शेवटी आले. त्यांना फोटो बघायला दोन सेकंद लागले.

“साक्ष कुणाची घेतलीस?”

“नवरीची.”

“तपासलीस?”

माझं उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा अडतीस झाले होते. पडवीच्या कडेला उन्हाची पट्टी दिसू लागली होती.

“नॅपकिन कुटाय?”

मी पर्समधून काढला. त्यांनी तो घेतला, झटकला आणि काकूंच्या हातात दिला. “अगं, हे धर. छातीपाशी. पोरीच्या आणि तुज्या मधी.”

वराची आत्या पुढे आली. “हे काय ओ, नवरीला पुसताय का काय?”

“पुसत न्हाय, मोजतोय,” काकू म्हणाल्या. “आमच्यात पोरगी मोजून देत्यात. कमी भरली तर परत न्यायची.”

मुलगी हसली. आत्या हसली. काकूंना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. काका त्यांच्याकडे मान वळवून बघत होते. मी ठिपका नॅपकिनवर ठेवला, मापाचा काटा मध्यावर आणला, आकडे पक्के केले. आणि माप बरोबर आहे का हे पाहायला, नॅपकिन मध्ये असतानाच, एक फोटो घेतला. मग नॅपकिन बाजूला झाला, तिघं सरळ उभी राहिली, हात खाली, नजर समोर. तो ठरलेला फोटो मी तीन वेळा काढला. दहा चव्वेचाळीस. ऊन काकांच्या चपलेपर्यंत आलं होतं. आतून मुलीला हाक आली.

कॅमेरा ऑफिसचा होता. मी तो ‘ग्रामसभे’वर आणूनच पिशवीत ठेवला.

आठवड्याने मी फोटो छापून त्यांच्या घरी घेऊन गेले. दोन आकारांत, पहिला गोरा आलेला सोडून चारही. काकूंनी चष्मा लावला. भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवून मांडीवर घेतला आणि शेजारी एकेक ठेवत गेल्या. ठरलेल्या तीन फोटोंत सगळं बरोबर होतं. चेहरे जसे आहेत तसे, साडीच्या चुण्या दिसताहेत, काठ निळा. तिघं मात्र ओळखपत्रासाठी उभी राहावीत तशी उभी होती. ते फोटो त्यांनी बाजूला ठेवले.

चौथा माप तपासायचा. मध्ये राखाडी नॅपकिन, त्यावर काकूंची हळदीची बोटं. नवरी मान मागे टाकून हसते आहे, काकू तोंड उघडं ठेवून, दोन दात दिसताहेत. काका कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, काकूंकडे बघताहेत.

“ही मीच की,” काकू म्हणाल्या. कपाळाच्या जागी त्यांनी बोट ठेवलं. “वण पण आलाय.”

मी त्यांना सांगितलं की हवं तर संगणकावर मधलं कापड काढून टाकता येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला.

काका तोवर फोटो खिडकीजवळ नेऊन बघत होते. नॅपकिन खुर्चीवर होता, घडी केलेला. त्यावर चार पिवळे ठसे होते. डाग पडलेल्या नॅपकिनचं काय होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं, हा आता स्वयंपाकघरात का? काका म्हणाले, “त्यो तितंच असू दे.” विणकराला सहावा विणायला सांगून झालं होतं.

“फोटो बरा हाय,” ते म्हणाले. “चेहरे बसलेत. पोरीच्या काठाला एक टिक जास्त हाय.”

काकूंनी त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला.

“झिरो हाय,” त्या म्हणाल्या. “गप बसा.”

भिंतीवर खिळा रिकामा होता. काका स्टूल आणायला आत गेले. ती एक टिक त्यांनी त्या दिवशी सोडून दिली.